ती बाद कशी झाली? : महिला क्रिकेटचे दौरे आणि मराठी क्रीडालेखन

१

२०१७ च्या दिवाळीत आमच्या भागातल्या एका छोट्या अंकासाठी मी महिला क्रिकेटवर लेख लिहिला होता. त्याच वर्षी २३ जुलैला लॉर्ड्सवर विश्वचषकाचा अंतिम सामना झाला होता आणि भारत इंग्लंडकडून अवघ्या ९ धावांनी हरला होता. लेख छापून आला तेव्हा मी स्वतःवर खूश होतो. हिंगणघाटला आमच्या गल्लीत राहणारी एक मुलगी तेव्हा नववीत होती. शाळेच्या संघात यष्टिरक्षण करायची. तिला मी अंक कौतुकाने वाचायला दिला. दोन दिवसांनी तो परत आणून देत ती म्हणाली, "काका, चांगलं आहे. पण पूनम राऊत आऊट कशी झाली, हे तं तुम्ही लिहिलंच नाही."

मी लेख पुन्हा वाचला. त्यात 'रणरागिणी' होत्या, 'लेकी' होत्या, देशाची उंचावलेली मान होती, दाटून आलेला कंठ होता. पण २२९ धावांचा पाठलाग करताना ३ बाद १९१ वर असलेला संघ २१९ वर कसा संपला, शेवटचे सात गडी २८ धावांत कसे गेले, अन्या श्रबसोलने ४६ धावांत ६ बळी कसे मिळवले, याबद्दल एक वाक्य नव्हते. पूनम राऊत ८६ धावांवर पायचीत झाली आणि तिथून सामना फिरला, एवढेसुद्धा नव्हते. दोन हजार शब्दांच्या क्रिकेटवरच्या लेखात क्रिकेट नव्हते.

हा लेख त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न आहे. उत्तराला सात वर्षे लागली, कारण मी जिनिंगमध्ये हिशेबनीस आहे आणि संशोधन कसे करतात हे मला कुणी शिकवलेले नाही. वाचनालयात बसून आणि चुका करून जे जमले ते जमले. पद्धत साधी ठेवली. एका बाजूला सामन्याचा धावफलक ठेवायचा, दुसऱ्या बाजूला त्या सामन्याबद्दलचे मराठी लेखन, आणि धावफलकातले काय लेखनात आले व काय गळाले ते पाहायचे. हिशेबनिसाला ही सवय असतेच. रोकड आणि वही जुळते का, ते तो पाहतो.

अभ्यासासाठी मी विश्वचषक न घेता परदेशी संघांचे दौरे घेतले. विश्वचषकाच्या वेळी सगळेच लिहितात आणि उत्साहाचा पूर असतो. दौरा शांतपणे येतो. दोनच संघ आठ-पंधरा दिवस पुन्हा पुन्हा समोरासमोर येतात. पहिल्या सामन्यात जिने बाद केले तिलाच दुसऱ्या सामन्यात खेळायचे असते. खेळाडू शिकते की नाही, हे दौऱ्यात दिसते, आणि लिहिणारा पाहतो की नाही, हेही.

२

आधी भाषेबद्दल. मराठी या कामाला अपुरी आहे असे कुणाला वाटत असेल तर तो गैरसमज आहे. लॉर्ड्सच्या एमसीसीने २०२१ च्या सप्टेंबरमध्ये क्रिकेटच्या नियमांतला 'बॅट्समन' हा शब्द काढून 'बॅटर' केला. मराठीला असा काही फेरफार करावा लागला नाही. आपला फलंदाज आणि गोलंदाज दोन्हींना चालतात. फलंदाज बाद झाला, फलंदाज बाद झाली. लिंग सांगण्याचे काम क्रियापद करते, नाम मोकळे राहते. यष्टिरक्षक, क्षेत्ररक्षक, सलामीवीर यांपैकी फक्त शेवटचा शब्द थोडा अडतो. 'सामनावीर' अडतो, आणि तिथे मराठी वृत्तपत्रे गोंधळलेली दिसतात: कुणी 'सामन्याची मानकरी' लिहितात, कुणी सरळ 'सामनावीर'च ठेवतात. मला दुसरे बरे वाटते. शब्द वापराने मोकळे होतात.

पायचीत, यष्टिचीत, त्रिफळा, निर्धाव षटक, नाणेफेक ही सगळी नाणी मराठीत खणखणीत चालतात. बाळ ज. पंडितांच्या आकाशवाणीवरच्या समालोचनाने ती घरोघरी पोहोचवली. वि. वि. करमरकरांनी वृत्तपत्रातल्या क्रीडापानाला स्वतःचे घर मिळवून दिले. द्वारकानाथ संझगिरींनी खेळाडूंची माणसे करून दाखवली. म्हणजे चेंडू कुठे पडला, किती वळला, फलंदाजाचा पाय कुठे होता, हे सांगण्याची भाषा आपल्याकडे दोन-तीन पिढ्यांपासून तयार आहे. प्रश्न एवढाच आहे की समोर महिलांचा संघ असला की ती भाषा आपण कपाटात का ठेवतो.

माझ्याजवळच्या कात्रणांत मला तीन प्रकारचे लेखन दिसले. पहिला प्रकार नोंदीचा: अमुक संघाने तमुक संघाला इतक्या धावांनी हरवले, संपले. दुसरा कणवेचा: खेळाडूच्या घरची गरिबी, वडिलांचा विरोध, आईने विकलेले दागिने, आणि मग खेळ येण्याआधीच लेख संपतो. तिसरा आरतीचा. माझा २०१७ चा लेख याच तिसऱ्या प्रकारातला. आरतीत देवीच्या हातातली आयुधे मोजतात. ती आयुधे देवीने कशी चालवली हे विचारण्याची ती जागा नसते. या तिन्ही प्रकारांत एक गोष्ट समान आहे: तिन्ही लिहायला सामना पाहावा लागत नाही.

३

हे आजचे नाही. १९७३ साली भारतीय महिला क्रिकेट संघटना उभी राहिली आणि पहिली राष्ट्रीय स्पर्धा पुण्यात भरली. संघ तीनच होते: मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. दोन वर्षांनी, १९७५ मध्ये, ऑस्ट्रेलियाचा २५ वर्षांखालील संघ भारतात आला. पुणे, दिल्ली आणि कलकत्ता इथे तीन अनधिकृत कसोटी सामने झाले आणि तिन्हींत भारताच्या कर्णधार वेगवेगळ्या होत्या: उज्ज्वला निकम, सुधा शाह आणि श्रीरूपा बोस. भारतातल्या महिला क्रिकेटची पहिली आंतरराष्ट्रीय मालिका म्हणून या दौऱ्याचे नाव घेतले जाते. तिचा एक सामना महाराष्ट्रात झाला आणि त्यात भारताची कर्णधार मराठी होती. हे मराठी वाचकाला पाठ असायला हवे होते. मला ते वयाच्या पन्नाशीत कळले.

पुढच्याच वर्षी वेस्ट इंडिजचा संघ आला. ३१ ऑक्टोबर १९७६ रोजी बंगळुरूत भारतीय महिलांचा पहिला अधिकृत कसोटी सामना सुरू झाला. शांता रंगास्वामी कर्णधार होत्या. सहा कसोटींच्या त्या मालिकेत भारताने पाटण्याला आपला पहिला विजय मिळवला. त्या सामन्याला २५ हजारांहून अधिक प्रेक्षक होते असे सांगतात. जम्मूला वेस्ट इंडिजने परतफेड केली आणि मालिका १-१ अशी सुटली.

या पिढीबद्दल मराठीत काय लिहिले गेले? विनाआरक्षण डब्यातला प्रवास, वसतिगृहातल्या जमिनीवरची झोप, सगळ्यांत मिळून वापरलेल्या मोजक्या बॅटी. हे सगळे खरे आहे आणि ते लिहिले गेलेच पाहिजे. ज्या व्यवस्थेने त्यांना तसे वागवले तिचा तो पुरावा आहे. पण पुण्याच्या शुभांगी कुलकर्णी त्याच १९७६ च्या मालिकेत कसोटी खेळू लागल्या, पुढे भारताच्या कर्णधार झाल्या आणि १९ कसोटींत ६० बळी घेऊन थांबल्या. लेगस्पिन ही गोलंदाजीतली सर्वांत अवघड कला. त्यांचा लेगब्रेक किती वळायचा? गुगली होती का, आणि असल्यास ओळखू यायची का? डावखुऱ्या फलंदाजाला त्या कुठून टाकत? सुभाष गुप्तेंच्या किंवा चंद्रशेखरच्या चेंडूबद्दल मराठी माणूस, त्यांना कधीही न पाहता, पंधरा मिनिटे बोलू शकतो. शुभांगीताईंच्या चेंडूबद्दल त्याला एक वाक्य बोलता येत नाही. आगगाडीचा डबा आपल्याला माहीत आहे, चेंडू माहीत नाही. कणवेने लिहिण्याचा हा परिणाम आहे: खेळाडूने सोसलेले उरते आणि केलेले पुसले जाते.

आणखी एक उदाहरण घेतो. नोव्हेंबर १९९५, इंग्लंडचा भारत दौरा, जमशेदपूरची कसोटी. डावखुऱ्या फिरकी गोलंदाज नीतू डेव्हिडने इंग्लंडच्या दुसऱ्या डावात ५३ धावांत ८ बळी घेतले. महिला कसोटीत एका डावातली ही आजही जगातली सर्वोत्तम कामगिरी आहे. आणि तो सामना भारत हरला, अवघ्या २ धावांनी! पुरुषांच्या क्रिकेटमध्ये असे घडले असते तर त्या दोन धावांवर आपल्याकडे पुस्तके निघाली असती. पानाच्या टपरीवर अजून वाद चालू असते. जमशेदपूरची कसोटी मी कुणाच्या तोंडून ऐकली नाही. तो सामना नोंदीत बसला नाही, कारण नोंद दोन ओळींची असते. कणवेत बसला नाही, कारण त्यात कुणाची गरिबी नव्हती. आरतीत बसला नाही, कारण हरलेल्या सामन्याची आरती होत नाही. जे लेखन त्याला सामावू शकले असते ते आपण करतच नव्हतो.

४

आता घराजवळ येतो. एप्रिल २०१८ मध्ये इंग्लंडचा संघ भारतात होता आणि तिन्ही एकदिवसीय सामने नागपूरला होते, ६, ९ आणि १२ तारखेला. वर्ध्याहून दीड तासावर जागतिक विजेता संघ खेळायला आलेला. आदल्या वर्षी लॉर्ड्सवर ज्यांनी हरवले, त्याच या. मार्चअखेरचा हिशेब नुकताच संपला होता. तिसऱ्या सामन्याला मी रजा टाकून गेलो. त्या मुलीलाही, तिच्या वडिलांसह, सोबत नेले.

हा दौरा धावफलकावरून वाचला तर त्यात एक सलग कथा दिसते. पहिल्या सामन्यात इंग्लंड २०७. पूनम यादवने तिच्या अगदी संथ, हवेत लटकत येणाऱ्या लेगस्पिनवर ४ बळी घेतले. भारताकडून स्मृती मंधानाने ८६ केल्या. इथपर्यंत सामना भारताचा होता. मग डाव घसरत गेला आणि शेवटच्या जोडीला, म्हणजे एकता बिष्ट आणि पूनम यादव या दोन गोलंदाजांना, तो ओढून न्यावा लागला. भारत एका गड्याने जिंकला.

दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत दोन गोष्टी होत्या: थरारक विजय, आणि मिताली राजचा विक्रम. त्या दिवशी मितालीने १९२ वा एकदिवसीय सामना खेळून शार्लट एडवर्ड्सला मागे टाकले. दोन्ही गोष्टी बातमीच्याच होत्या. पण स्मृती गेल्यावर मधली फळी का कोसळली, हा प्रश्न विजयाच्या मथळ्याखाली गाडला गेला. तीन दिवसांनी तो वर आला. दुसऱ्या सामन्यात भारत ११३ वर गारद झाला. इंग्लंडच्या दोन फिरकी गोलंदाजांनी, सोफी एक्लस्टन आणि डॅनियल हेझल यांनी, प्रत्येकी ४ बळी घेतले. इंग्लंडने ८ गडी राखून सामना जिंकला.

नागपुरात, एप्रिलच्या उन्हात तापलेल्या खेळपट्टीवर, इंग्लंडच्या मुली भारताला फिरकीवर बाद करतात, यात क्रीडासमीक्षकासाठी केवढा ऐवज आहे! एक्लस्टन तेव्हा अठरा वर्षांची होती. उंच, डावखुरी, चेंडू वळवण्यापेक्षा टप्प्यावर अडून बसणारी. जी मधली फळी पहिल्या सामन्यात डळमळली तीच दुसऱ्यात ढासळली. म्हणजे पहिला सामना नीट वाचला असता तर दुसऱ्याचा अंदाज आला असता. विजयाची आरती करण्यात आपण तो इशारा ऐकला नाही. आणि पराभवानंतर? पराभवाची नोंद झाली, चार ओळींची.

तिसरा सामना मी डोळ्यांनी पाहिला. इंग्लंड ९ बाद २०१, त्यांत एमी जोन्सच्या एकटीच्या ९४. भारताकडून स्मृती ५३ वर जखमी होऊन निवृत्त झाली. पुन्हा तोच क्षण आला: स्मृती नाही, मधली फळी समोर, फिरकी सुरू. या वेळी मिताली आणि दीप्ती शर्मा उभ्या राहिल्या. मिताली नाबाद ७४, दीप्ती नाबाद ५४. भारत ८ गड्यांनी जिंकला, मालिका २-१.

माझ्या वहीत त्या दुपारचे एकच टिपण आहे: "घाई नाही." धाव जिथे आहे तिथली घ्यायची, नाही तर थांबायचे. मी टाळ्या वाजवत होतो. शेजारी बसलेली ती मुलगी टाळ्या वाजवत नव्हती. इंग्लंडच्या यष्टिरक्षकाकडे पाहत होती. मध्येच म्हणाली, "काका, ते पाहा, स्पिनर आली का किती उशिरा उठते." फिरकीला यष्टिरक्षक वाकलेली बसते आणि चेंडू टप्पा पडल्यावरच वर येते, लवकर उठली तर खाली राहिलेला चेंडू हातातून सुटतो. पन्नास वर्षे क्रिकेट पाहून मला हे कधी दिसले नव्हते. आणि ती ज्या खेळाडूला पाहून शिकत होती ती पाहुण्या संघातली होती.

५

पुढच्या वर्षी इंग्लंडचा संघ पुन्हा आला. या दौऱ्यातल्या एका षटकाबद्दल मला लिहायचे आहे आणि ते लिहिणे अवघड आहे, कारण ते आपल्या शेजारच्या मुलीबद्दल आहे.

वर्ध्याला लागूनच अमरावती. तिथली भारती फुलमाळी विदर्भाकडून खेळते. ७ मार्च २०१९ रोजी गुवाहाटीत इंग्लंडविरुद्धच्या दुसऱ्या टी-ट्वेंटी सामन्यात तिने भारताकडून पदार्पण केले. विदर्भातून महिला संघात जाणाऱ्या मुली मोजक्याच. नागपूरची मोना मेश्राम तिच्या आधीची. दोन दिवसांनी, ९ मार्चला, तिसरा सामना. इंग्लंड ११९. भारताची कर्णधार स्मृतीने अर्धशतक केले आणि शेवटच्या षटकात ६ चेंडूंत ३ धावा हव्या होत्या. एका टोकाला भारती, दुसरा सामना खेळणारी. दुसऱ्या टोकाला मिताली राज, नाबाद ३०. गोलंदाज केट क्रॉस.

पहिले तीन चेंडू निर्धाव. चौथ्यावर भारती झेलबाद. पाचव्यावर अनुजा पाटील यष्टिचीत. शेवटच्या चेंडूवर शिखा पांडेने एक धाव घेतली. भारत एका धावेने हरला. त्यानंतर २०२४ च्या दिवाळीपर्यंत भारती फुलमाळी भारताकडून खेळली नव्हती.

या षटकाबद्दल आपल्याकडे दोन प्रकारे बोलले गेले. बाहेर, तिच्यामुळे सामना गेला असे. आणि आमच्या विदर्भात काहीच नाही. आपल्याच मुलीचे काय बोलायचे म्हणून गप्प. पहिले क्रूर आहे हे कळते. दुसरेही तितकेच क्रूर आहे, हे मला उशिरा कळले. कारण गप्प राहून आपण पहिल्याच म्हणण्याला शेवटचा शब्द करून टाकतो.

समीक्षकाने काय केले असते? त्याने विचारले असते: तीन धावा हव्या असताना पहिल्या चेंडूपासून हव्या त्या किमतीला एकेरी धाव घेऊन टोक बदलायचे, असे दोघींचे ठरले होते का? ठरले नसेल तर ते ठरवण्याची जबाबदारी दुसऱ्या दिवसाच्या खेळाडूची, की शंभरावर आंतरराष्ट्रीय सामने खेळलेल्या ज्येष्ठ खेळाडूची? निर्धाव चेंडूवरही, यष्टिरक्षकाकडे चेंडू जाताना, पळायचे का? चौथा चेंडू हवेत मारण्याचा निर्णय चुकला. पण तीन निर्धाव चेंडूंनंतर फलंदाजाच्या मनावर जे दडपण येते ते आणले कुणी? केट क्रॉसने. हा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. ते षटक आपण 'भारतीचे अपयश' म्हणून लक्षात ठेवले. ते खरे तर क्रॉसचे षटक होते: तीन धावा राखायच्या असताना एक धाव आणि दोन गडी. तिने ते टाकले, हे मान्य केले की भारतीची बाजू आपोआप नीट दिसू लागते. ती एका चांगल्या गोलंदाजापुढे, फार लवकर, फार अवघड जागी उभी होती आणि हरली. यात चूक आहे, गुन्हा नाही.

"ती बाद कशी झाली?" या प्रश्नात दुसरी बाजू दडलेली असते, हे मला त्या षटकाने शिकवले. बाद कशी झाली हे सांगायचे तर बाद कुणी केले हे सांगावेच लागते. पाहुण्या संघाला मान दिल्याशिवाय यजमान खेळाडूला न्याय देता येत नाही. आपल्या लेखनात पाहुणा संघ नुसता पडदा असतो, ज्यापुढे आपल्या वाघिणी डरकाळी फोडतात. पडद्याकडून हरणे लाजिरवाणेच वाटणार.

६

क्रिकेटच्या इतिहासात वर्ध्याचे नाव एकदाच ठळकपणे येते, आणि तेही खेळासाठी नाही. डिसेंबर १९४० मध्ये मुंबईच्या हिंदू जिमखान्याचे शिष्टमंडळ पंचरंगी सामन्यांबद्दल सल्ला विचारायला गांधीजींकडे वर्ध्याला आले. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि इतर असे संघ पाडून हे सामने होत. सत्याग्रही तुरुंगात होते, जगात युद्ध चालू होते. गांधीजींनी सामने थांबवण्याच्या बाजूने कौल दिला. त्यांच्या म्हणण्याचा एक भाग मला आजही विचार करायला लावतो: कॉलेजांचे, संस्थांचे संघ ते समजू शकत होते, धर्मावरून पाडलेले संघ त्यांना समजत नव्हते. स्पर्धा लगेच थांबली नाही, पण १९४६ नंतर झाली नाही.

गांधीजींना क्रिकेटचे कौतुक नव्हते आणि महिला क्रिकेटचा तिथे विषयही नव्हता. मी त्यातून माझ्यापुरता अर्थ काढतो. खेळाडू मैदानात उतरण्याआधीच तिच्या अंगावर जन्माची पाटी लावली की खेळ मागे पडतो आणि पाटी खेळू लागते. 'लेक', 'वाघीण', 'रणरागिणी' या पाट्या धर्माच्या पाट्यांइतक्या विषारी नाहीत, हे उघड आहे. त्या प्रेमाने लावल्या जातात. पण काम त्या तेच करतात: फलंदाजाच्या आधी बाई दिसते.

यावर एक आक्षेप मला अनेकांनी घेतला आणि तो वजनदार आहे. ज्या खेळाडूंना आत्ता कुठे प्रेक्षक मिळू लागलेत त्यांच्या चुका काढत बसायचे का? आधी कौतुक होऊ द्या, टीका पुढे होईल. शिवाय टीकेच्या नावाखाली बायकांच्या खेळाची टिंगल करणारे टपून बसलेले असतात. त्यांच्या हाती कोलीत कशाला द्यायचे? मी स्वतः २०१७ मध्ये असाच विचार केला होता. आता मला वाटते की टिंगल करणाऱ्यांना आरतीच जास्त सोयीची असते. रणरागिणी हरली की हसता येते. पण 'अठरा वर्षांच्या डावखुऱ्या गोलंदाजाने टप्पा न सोडता मधली फळी बाद केली' यावर हसायला काही जागा नसते. तिथे खेळच बोलतो. आणि 'पुढे' कधी येते? १९७३ पासून मोजले तर अर्धशतक उलटून गेले.

दुसरा आक्षेप साधनांचा. जुने सामने टीव्हीवर नव्हते, लिहायचे कशावरून? १९७६ किंवा १९९५ बद्दल हे मान्य. पण त्या सामन्यांत खेळलेल्या खेळाडू आपल्यात आहेत. त्यांना आपण डब्यातला प्रवास विचारतो, तसा लेगब्रेकही विचारता येईल. आणि आजच्या सामन्यांबाबत तर ही सबब उरलीच नाही.

७

२०२३-२४ मध्ये महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेर महिलांच्या तीन कसोटी झाल्या. डिसेंबर २०२३ मध्ये नवी मुंबईला इंग्लंडविरुद्ध भारत ३४७ धावांनी जिंकला. धावांच्या फरकाने महिला कसोटीतला हा सर्वांत मोठा विजय. दीप्ती शर्माने पहिल्या डावात ७ धावांत ५ बळी घेतले. आठवड्याभरात वानखेडेवर ऑस्ट्रेलियाला ८ गड्यांनी हरवले. ऑस्ट्रेलियाविरुद्धचा हा भारतीय महिलांचा पहिला कसोटी विजय. वानखेडेवर महिलांची कसोटी त्याआधी झाली होती ती १९८४ मध्ये, तीही ऑस्ट्रेलियाविरुद्ध. मध्ये एकोणचाळीस वर्षे गेली. मग २०२४ च्या जूनअखेरीस चेन्नईला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध शफाली वर्मा २०५ आणि स्मृती मंधाना १४९. सलामीची भागीदारी २९२. भारत ६ बाद ६०३. स्नेह राणाचे एका डावात ८ बळी. भारत १० गड्यांनी विजयी.

चेन्नईच्या सामन्याबद्दल मी जे मराठीत वाचले त्यात शफाली होती, विक्रम होते, भरपूर विशेषणे होती. जे नव्हते ते सांगतो. फॉलोऑन मिळाल्यावर दक्षिण आफ्रिकेने दुसऱ्या डावात ३७३ धावा केल्या. सुने लूस १०९, लॉरा वोल्वार्ट १२२. पहिल्या डावात ज्या फिरकीपुढे संघ कोसळला तीच फिरकी, तीच जुनी होत चाललेली खेळपट्टी, आणि या दोघी उभ्या. हरलेल्या सामन्यातली ही झुंज कशी खेळली गेली? पुढे येऊन, की मागे राहून? आपल्या गोलंदाजांना पहिल्या डावात जे सापडले ते दुसऱ्यात का सापडेना? हा भारतीय संघाच्या कामाचा प्रश्न होता. पण तो विचारायला पाहुण्यांची फलंदाजी पाहावी लागते.

ती मुलगी आता कॉलेजात आहे. विदर्भाच्या निवड चाचणीला दोनदा जाऊन आली. निवड झाली नाही. दुसऱ्यांदा परत आल्यावर मी तिला विचारले, "काय झालं?" मनात सांत्वनाची वाक्ये तयार होती. ती म्हणाली, "लेग साइडचे दोन बॉल सुटले काका. पाय हलला नाही." एवढेच. त्यात रडगाणे नव्हते की नशिबाला बोल नव्हता. स्वतःच्या खेळाची इतकी नेमकी समीक्षा मी कुठल्या मराठी क्रीडापानावर वाचलेली नाही. मी सांत्वनाची वाक्ये गिळली आणि विचारले, पाय का हलला नाही. मग तासभर आम्ही तेच बोलत होतो.

२०१७ च्या त्या लेखाची प्रत अजून माझ्याकडे आहे. तिच्या समासात मी पेन्सिलीने एक ओळ लिहून ठेवली आहे, जी त्या लेखाची पहिली ओळ असायला हवी होती: पूनम राऊत, पायचीत, गोलंदाज श्रबसोल, ८६.